पूर्वेचं टोक

विमानतळ वसाहत,
दि. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारच्या थैलीतून मिळालं. सामानखात्यातल्या माणसाने लिफाफा हातात तोलून पाहिला आणि विचारलं, की मुख्य कार्यालयातून एवढं जाड येतं ते बढतीचं पत्र का? मी सांगितलं, बहिणीची बोलणी आहेत, ती जाडच असतात. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, कंपनीची मेल तिथे चारजण वाचतात, तेव्हा आपलं हे पत्रांचं खूळच बरं. रोजच्या विमानाने थैली येते-जाते, फुकटात काम होतं आणि आईला उशाशी ठेवायला कागद मिळतात.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते. हिचा घसा बसला होता, त्यामुळे तीन दिवस टर्मिनलमधल्या घोषणा दुसऱ्याच मुलीने केल्या. लोकांनी येऊन चौकशी केली, की रोजच्या बाई कुठे गेल्या? बायकोची कीर्ती ऐकून मीही दोन दिवस जरा ताठ चाललो.

आता कामाचं. ताई, आमच्या धावपट्टीचं पूर्वेचं टोक बिघडलं आहे. तुला माहीत आहे, रोज उजाडताना मी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तुडवतो, रजिस्टरात योग्य असं लिहून सही करतो, आणि त्या सहीवर टॉवर दिवसाचं विमान उतरवतो. पूर्वेच्या शेवटच्या चारशे मीटरला खालचा नाला खचलाय. पाऊस थांबून दीड तास झाला तरी पाणी तिथून हलत नाही. त्यावर टायरांचं रबर बसून बसून काळा थर झालाय, तो ओला झाला की बूटसुद्धा धरत नाही. गेल्या बुधवारी विमान थांबलं ते अगदी टोकाजवळ. वैमानिक बाई खाली उतरल्या आणि मला एवढंच विचारून गेल्या, की ही पट्टी शेवटची कधी मोजली?

मोजणार कशाने? पाच विमानतळ आणि घसरगाडी एक. तिचं ते मागचं चाक पट्टीवर फिरून पट्टी टायरला किती धरते त्याचा आकडा देतं, आकडा रेषेच्या खाली गेला की तेवढा भाग बंद. पायाने कळतं ते रजिस्टरात चालत नाही, तिथे आकडा लागतो. ऑगस्टमध्ये आमची पाळी होती. गाडी आली नाही. तिच्या फेऱ्यांचा तक्ता तूच करतेस, तेव्हा भावाचा वशिला म्हण किंवा कटकट म्हण, पण ती लवकर इकडे पाठव.

आई आशीर्वाद सांगते. थोरलीने धाकट्याकडे लक्ष द्यावं, ही जुनीच मागणी.

तुझा,
धाकटा

---

मुख्य कार्यालय, सातवा मजला,
दि. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. बायकोच्या आवाजावर ताठ चालणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहिला. वहिनीला गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग, आणि त्या तीन दिवसांची रजा कापू नका असं मी मनुष्यबळ खात्याला कळवलं आहे. एवढा वशिला पुरे.

इथे माझं नेहमीचंच. भिंतीवर पाच पडदे, पाच विमानतळ. कुठे किती विमानं उभी, कुठल्या दारावर किती रांग, कुठल्या दुकानाने शटर उशिरा उघडलं, सगळं ठिपक्यांत. मोठ्या विमानतळावर सामानाचा पट्टा दहा मिनिटं अडला तर चार साहेब धावत येतात. तुमच्या पडद्यावर दिवसातून एकदा ठिपका येतो आणि तासाभराने जातो. मी मात्र त्या वेळेला चहा घेऊन तिथेच उभी असते. उंटावरून शेळ्या हाकते असं तू मला म्हणतोस. हाकते खरी, पण त्या एका शेळीवर नजर जरा जास्त असते.

घसरगाडीचा आस मोडला आहे. मोठ्या विमानतळाच्या कारखान्यात उभी आहे. महिनाअखेर येईल. तोवर रजिस्टरात तुझ्या मनाचं काही लिहू नकोस. आकड्याशिवाय अयोग्य लिहिलंस तर वरून खुलासा मागतील आणि उत्तर द्यायला तुझ्याकडे बूट सोडून काही नसेल. ओलसर लिही. ते खोटं नाही.

तुमच्या विमानतळाबद्दल वर काही बोलणी चालू आहेत. चांगली आहेत. आत्ता विचारू नकोस.

आईला गुडघ्याचं तेल थैलीतून पाठवते आहे, बाटली नीट गुंडाळली आहे. माया आहेच, पत्राच्या जाडीवरून मोजू नकोस.

तुझी,
ताई

---

विमानतळ वसाहत,
दि. १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तेल पोचलं. आईने बाटली जपून ठेवली आहे, लावत नाही. संपलं की थोरलीची आठवण संपेल असं म्हणते. तिच्यापुढे कोण बोलणार?

काल घसरगाडीच्या ड्रायव्हरला मी फोन केला. आम्ही एकत्रच नोकरीला लागलो, हे तू विसरलीस. आस कसा आहे म्हणून विचारलं तर तो म्हणाला, कसला आस? गाडी ठणठणीत आहे. चौथ्या विमानतळावर या महिन्यात दोनदा मोजणी झाली, खरं तर एकदाच व्हायची. दुसऱ्या वेळी त्याला आमच्याकडे यायचं होतं, पण निघायच्या दिवशी तक्ता बदलला. तुला कारखान्यातल्या कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार. तू एकदा स्वतः चौकशी कर.

इकडे हाल आहेत. हिच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी घेऊन मी पाण्याची खोली मोजतो. रविवारी बोटाच्या पेराएवढं पाणी होतं. त्यावर विमान उतरलं, मागचा भाग डावीकडे सरकला आणि पुन्हा सरळ झाला. बघणाऱ्याला कळलंही नसेल. बंबवाले काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांना अजून दोन वर्षं आहेत निवृत्तीला. त्यांनी बंबाचं इंजिन चालू करून ठेवलं, आणि तेव्हापासून रोज विमानाच्या वेळी चालूच ठेवतात.

सही रोज करतो, ताई. अक्षर माझं वाटत नाही. इथे आता कुजबूज आहे, की कंपनी हा विमानतळ विकणार किंवा बंद करणार. एकशे बारा माणसं आहेत आणि जो तो मला गाठून विचारतो, की तुझी बहीण काय म्हणते? बहीण म्हणते ओलसर लिही, हे मी त्यांना कसं सांगू?

गाडी पाठव. बाकी काही नको. तुझ्या हातातलं आहे म्हणून मागतो.

तुझा,
धाकटा

---

घरून, सुटीच्या दिवशी,
दि. २२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र आईला दाखवू नकोस.

कारखान्यातल्या कुणी मला चुकीचं सांगितलं नाही. गाडी मोडलेली नव्हती. तक्ता मी बदलला. तू इतका भोळा आहेस की पुरावा हातात असूनही मला निसटायला वाट करून दिलीस, आणि ती वाचून मला स्वतःची लाज वाटली. म्हणून आता खरं लिहिते.

तुमचा विमानतळ डिसेंबरमध्ये बंद करायचा ठराव तयार आहे. मी तो पाहिला आहे. दिवसाला एक विमान, त्यासाठी टॉवर, बंब, तपासणी, वीज, सगळा पसारा. बाकीचे चार त्याला किती दिवस पोसणार, असा वरचा प्रश्न आहे. आठ महिने धडपडून मी एक खरेदीदार आणला. त्यांना हाच विमानतळ हवा आहे, माणसांसकट. त्यांची एकच अट आहे, धावपट्टी पूर्ण लांबीची हवी, कारण त्यांची विमानं मोठी आहेत. ६ ऑक्टोबरला त्यांचे चारजण पाहणीला येतील. सही झाली की थंडीत ते पूर्वेचं टोक उकरून नवीन करणार, हे त्यांनी मला तोंडी सांगितलं आहे.

आता त्याआधी घसरगाडी आली तर काय होईल ते तूच सांग. आकडा रेषेखाली जाईल. गेला की त्याच दिवशी टोक बंद करावं लागेल, तो नियम आहे, मीही थांबवू शकत नाही. पट्टी आखूड, मोठं विमान बंद, छोटं विमान तर कंपनीने गेल्या वर्षीच काढून टाकलं. खरेदीदार परत आणि विमानतळाला कुलूप. आकडाच नसेल तर दोषही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत मी दीड महिना काढला.

तुझी, वहिनीची, काकांची, एकशे बारा जणांची नोकरी आहे. तिथे दुसरं काय आहे कामाला? इकडे आड, तिकडे विहीर. मी आडाची निवड केली, कारण विहीर दिसत होती आणि आड कदाचित चुकेल असं वाटलं. दोन महिने विमान उतरतंच आहे ना? पंधरा दिवस आणखी, धाकट्या. कोरडे जातील. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता पदर पसरते. पंधरा दिवस सही करत राहा.

रागावलास तरी पत्र पाठव. न आलेलं पत्र मला सोसणार नाही.

तुझी,
ताई

---

विमानतळ वसाहत,
दि. २६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं आणि बाथरूममध्ये काडी लावली. आईने धुराचा वास ओळखला. तिला सांगितलं की गीझरची वायर जळली. उद्या ती वायरमनला बोलावणार आहे.

राग आला. तुला वाईट वाटेल असं बरंच काही मनात लिहून झालं, ते कागदावर आणत नाही. तू तक्ता बदललास आणि मी इथे पाण्यात पट्टी घालून बसलो होतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं तुला सातव्या मजल्यावरून कळायला हवं होतं.

पण परवा काकांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलीचं कॉलेजचं दुसरं वर्ष आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि विमानतळाचा विषयच काढला नाही. मी सांगायला गेलो होतो की टोक बंद करतो. न सांगता उठलो. घरी आलो तर ही आरशासमोर घोषणांचा सराव करत होती, कारण कुणीतरी तिला सांगितलंय की नवे मालक आवाज ऐकून माणसं ठेवणार.

पंधरा दिवस देतो. माझ्या हिमतीवर नाही, या लोकांची तोंडं बघून. पाऊस असेल त्या दिवशी मी विमानाच्या वेळी स्वतः टोकाला उभा राहीन. त्याने काय होणार, मला माहीत नाही. विमान काही मला बघून थांबणार नाही. पण घरात किंवा ऑफिसात बसून ते उतरताना ऐकणं मला जमणार नाही.

यापुढे गाडी पाठव म्हणून लिहिणार नाही. तू तारीख मोज, मी ढग मोजतो.

तुझा,
धाकटा

---

विमानतळ वसाहत,
दि. ३० सप्टेंबर

चि. थोरलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी सहसा लिहीत नाही कारण माझं अक्षर आता वाकडं येतं आणि तू त्यावर हसतेस. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या भावाला काय झालंय? काय लिहितेस तू त्याला? पूर्वी तुझं पत्र आलं की मोठ्याने वाचायचा, तुझी नक्कल करून. आता घडी घालून खिशात ठेवतो आणि मला सांगतो की ताई मजेत आहे. मजेत असलेल्या माणसाची पत्रं कुणी खिशात लपवतं का?

जेवत नाही. उजाडायच्या आधी निघतो, हातात छत्री आणि सूनबाईची शिवणाची पट्टी. शेजारीण मला विचारते, तुमचा मुलगा पावसात काय शिवायला जातो? काल, २९ तारखेला, दुपारी विमान येऊन गेल्यावर ओलाचिंब घरी आला. बूट न काढता खुर्चीवर बसला आणि एकच वाक्य दोनदा म्हणाला, की एका बाईने त्याला मुतारी कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, अरे मग सांगायचं ना. तर तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा घोडा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. सूनबाई दारात उभी होती, तिलाही काही ठाऊक नाही. वायरमन येऊन गेला, गीझर चांगला आहे म्हणतो. म्हणजे तेही खोटंच.

तू सहा तारखेला येणार हे ऐकून जीव भांड्यात पडला. तीन वर्षं झाली तुला पाहून. कामाला येतेस, माझ्यासाठी नाही, ते मला कळतं, पण मी काही मानी नाही, उरलंसुरलं चालतं मला. विमान अकराला येतं, मी आठलाच टर्मिनलमध्ये जाऊन बसणार. तुझे पाहुणे गेले की घरी जेवायला ये. आणि आल्यावर त्याच्याशी एकांतात बोल. लहानपणी त्याने काच फोडली की तू माझ्यासमोर येऊन उभी राहायचीस. तशीच ये.

गुडघ्याचं विचारू नकोस, आहे तिथे आहे. तुझं सुख मागणारी,

आई

---

मुख्य कार्यालय, सातवा मजला,
दि. ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. आईचं पत्र वाचलं. २९ तारखेला काय झालं ते तू मला कळवलं नाहीस. पडद्यावर ठिपका नेहमीसारखा आला आणि गेला. मी चहा पीत होते.

सहाचा अंदाज पावसाचा आहे. खरेदीदारांना तारीख बदलायला विचारलं, ते दुसऱ्या दिवशी परदेशी जाणार, त्यानंतर महिनाभर नाहीत आणि महिन्याने बंदचा ठराव मंजुरीला येतो. तेव्हा सहाच. तो एकच दिवस पार पडू दे, बाळा. एकच सही.

तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला कळतं. इतरांना त्या पट्टीवर उतरवून बहीण वर काचेत बसली आहे, असं तुला वाटत असेल तर ते बरोबर आहे. म्हणून पाहुण्यांना विमानाने पाठवून मी स्वतः मागून मोटारीने यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. मी त्याच विमानात बसणार आहे, चौथ्या रांगेत. जे मी तुला करायला सांगते आहे त्यात माझाही जीव आहे, एवढं तुला कळावं म्हणून. आता तरी निर्धास्त सही कर.

आईला सांग, जेवायला नक्की येते. भेटीत सगळं बोलू, तोवर राग राखून ठेव.

तुझी,
ताई

---

विमानतळ वसाहत,
दि. ६ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थैली जाणार नाही, हे पत्र साध्या टपालाने टाकतो आहे. तुला मिळेपर्यंत सगळं कळलेलं असेल, तरी माझ्या हाताने लिहायला हवं.

पहाटेपासून पाऊस लागला होता. साडेपाचला पट्टीवर गेलो. पूर्वेच्या टोकाला दोन पेरं पाणी. परत येऊन रजिस्टर उघडलं, योग्य लिहिलं आणि सही केली. हो, केली. टॉवरने ती घेतली. साडेनऊला तुमचं विमान निघाल्याचा निरोप आला आणि मी टोकाला जाऊन उभा राहिलो, गेले दहा दिवस राहतो तसा. काकांच्या बंबाचा आवाज येत होता. आणि मला तू दिसायला लागलीस, चौथ्या रांगेत, पट्टा बांधून. पळत सुटलो, ताई. चारशे मीटर पळत गेलो, पडलो, गुडघा फुटला, आणि चौकीतल्या वायरलेसवर टॉवरला सांगितलं की पूर्वेचे चारशे मीटर बंद. त्यांनी आकडा विचारला. मी म्हटलं आकडा नाही, मी सांगतोय. त्यांनी पुन्हा विचारलं. मी ओरडलो.

विमान ढगातून खाली आलं, दोनदा फिरलं, आणि परत गेलं. मी खाली उभा राहून आवाज दूर जाईपर्यंत वर बघत होतो.

टर्मिनलमध्ये घोषणा हिलाच करावी लागली. कारण वाचताना तिचा आवाज कुठेही हलला नाही. मग तिने माइक बंद केला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई आठपासून पहिल्या खुर्चीवर बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. तिला वाटलं विमान नुसतं लांबलंय. एक वाजेपर्यंत उठली नाही. कुणीतरी तिला सांगितलं की तुमच्या मुलानेच परत पाठवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काकांनी इंजिन बंद केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की याचा अर्थ काय. हात काढून घेतला आणि निघून गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे मला एक तर वेडा म्हणतील किंवा शूर म्हणतील. दोन्ही खोटं आहे. खरं तुला एकटीला सांगतो. २९ तारखेला विमान थांबलं तेव्हा पुढचं चाक शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. त्यापुढे चिखल आणि कुंपण. आतून नव्वदच्या वर माणसं उतरली, हसत, मोबाईल काढत. कडेवर मूल असलेल्या एका बाईने मला मुतारी कुठे आहे ते विचारलं. मी बोट दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सही केली. त्यानंतर आणखी सहा वेळा केली. त्या बाईलाही भाऊ असेल. लोकांच्या बहिणी मी दहा दिवस त्या पाण्यावर उतरवल्या, आणि माझी आली तेव्हा पट्टी बंद केली. असा आहे तुझा भाऊ.

एकशे बारा घरं बुडवली आणि तीही योग्य कारणासाठी नाही, स्वतःच्या माणसासाठी. आता काय लिहू? तू सुखरूप आहेस, तेवढं धरून बसलोय.

तुझा,
धाकटा

---

घरून,
दि. ११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. चिखलाचा डाग पडलाय कोपऱ्याला.

विमानात काय झालं ते ऐक. ढगातून खाली आलो, पट्टी दिसली, आणि विमान एकदम वर उचललं गेलं. वैमानिकाने सांगितलं की खालून धावपट्टीचा भाग बंद केला आहे, आपण परत जातो. खरेदीदारांपैकी एकजण चिडला. म्हणाला, शेवटच्या मिनिटाला कुण्या मूर्खाला लहर आली वाटतं. मी म्हटलं की खाली जो आहे तो माझा सख्खा भाऊ आहे आणि मूर्खपणा त्याने नव्हे, मी केलेला आहे. मग परतीच्या सव्वा तासात त्यांना सगळं सांगितलं. नाला, रबर, तक्ता. त्यांनी कागद मिटून ठेवले.

दुसऱ्या दिवशी वर लेखी दिलं. नऊ तारखेला घसरगाडी तुमच्याकडे आली, आकडा तुला कळलाच असेल. रेषेच्या इतका खाली आकडा पाचही विमानतळांवर कधी कुणी पाहिलेला नाही. मला कामावरून दूर केलं आहे. कुलपाचा ठराव डिसेंबरचा होता, तो नोव्हेंबरअखेर ओढला. मी काही वाचवू शकले नाही, धाकट्या. आठ महिन्यांचा खटाटोप केला आणि हाती एवढंच आलं, की तू माझ्यामुळे दहा दिवस मरत होतास आणि मी पडद्यासमोर चहा घेत होते.

तू स्वतःला जे म्हणतोस ते मी पुसणार नाही. ते खरं आहे आणि ते आपल्या दोघांचं आहे. पण एक ऐक. चौदाला चौकशीची माणसं तुमच्याकडे येतील. ती विचारतील की पट्टी खराब होती तर आधी का बंद केली नाही. तेव्हा माझं नाव घे. माझ्या बहिणीने, जी या कामावर वरिष्ठ होती, तिने थांबवलं, असं सांग. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू ओठ शिवून बसशील आणि सगळं स्वतःवर घेशील. तसं करू नकोस. मी लेखी दिलंय, पण कागदापेक्षा तुझ्या तोंडचं मोजलं जाईल. ही माझी परवानगी समज, आज्ञा समज. मला झाकलंस तर मी तुला माफ करणार नाही.

बसने यायचा विचार आहे. अकरा तास लागतात म्हणे. येऊ का? तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, त्याचा उपयोग झाला नाही एवढंच.

तुझी,
ताई

---

विमानतळ वसाहत,
दि. १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अकराचं पत्र आज पोचलं. साध्या टपालाला सहा दिवस लागले.

चौकशी चौदालाच झाली. टर्मिनलच्या मागच्या खोलीत तिघे बसले होते. त्यांनी रजिस्टर पुढे ठेवलं आणि माझ्या एकेका सहीवर बोट ठेवत विचारलं, की ही केलीत तेव्हा माहीत होतं का? मी हो म्हणत गेलो. मग विचारलं की का केली.

तू लिहिलंयस की मी ओठ शिवून बसेन. आत जाताना मीही तेच ठरवलं होतं. पण त्या खोलीत त्यांनी दुसऱ्यांदा विचारायच्या आधी मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, हुद्दा, मजला. तू कबुली दिलीस हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुझी नोकरी शाबूत आहे असंच समजत होतो, आणि माझ्या एका वाक्याने ती जाईल हेही कळत होतं. तरी सांगितलं. वर हेही सांगितलं की मी नाही म्हणत होतो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी विसरू शकत नाही.

तुझ्या परवानगीचं पत्र तीन दिवसांनी आलं. तारीख लपवून तुला सांगता आलं असतं की तू म्हणालीस म्हणून नाव घेतलं. आईलाही ते पटलं असतं. पण खोट्या सह्या पुष्कळ झाल्या.

आई परवापासून बोलते. फक्त एवढंच विचारते, की विमान नाही तर नाही, थोरलीची बस किती वाजता येते? मी म्हणतो अजून ठरलेलं नाही. आता हे वाचून तूच ठरव. नाही आलीस तर मी तिला कारण सांगेन, गीझरचं सांगणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपली रीत आहे. तो मागायला तोंड उरलेलं नाही. तरी मागतो.

तुझा,
धाकटा